घरांतील चित्रसंग्रह

(नभोवाणीवरील भाषण)



एखाद्या सुशिक्षित गृहस्थाच्या घरीं गेलें असतां आपली दृष्टि सहजच त्याच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळते. तुकारामबोवांची गाथा, हरिभाऊंच्या कादंबऱ्या, एखादा कोश, मुलांचीं गोष्टींचीं पुस्तकें, असा एक लहानसा संसार तेथें मांडलेला असतो, आणि यजमानाशीं चार शब्द बोलण्यापूर्वींच त्याची निम्मी ओळख आपल्याला पटते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या कपाटाच्या शेजारीं दुसरें एक कपाट उभें राहिलें होतें. त्यांत प्रथम चित्रपटांच्या आणि दूरदर्शनवरील मालिकांच्या ध्वनिचित्रफिती आल्या, मागाहून चकचकीत तबकड्या आल्या. 'उभें राहिलें होतें' असें मी मुद्दामच म्हणतों. कारण हें दुसरें कपाट आतां घराघरांतून नाहींसें होत चाललें आहे. दिवाळीच्या साफसफाईंत त्या फिती आणि त्या तबकड्या रद्दीवाल्याच्या पोत्यांत जातात, आणि एक अडगळ गेली म्हणून घरांतील मंडळींना हायसें वाटतें.

आज मी या अडगळीचें वकीलपत्र घेऊन आपल्यापुढें आलों आहें. चित्रपट घरीं कां जपून ठेवावे, कोणते ठेवावे आणि कसे ठेवावे, या तीन प्रश्नांचा क्रमानें विचार करावा असा माझा हेतु आहे.

पहिल्याच प्रश्नाला एखादा तरुण श्रोता मला अडवील. "अहो, आतां सारें कांहीं इंटरनेटवर मिळतें. बोट लावलें कीं चित्रपट सुरू. मग हा पसारा कशाला?" हा आक्षेप खोटा नाहीं, पण अपुरा आहे. जें बोट लावून मिळतें तें आपलें नसतें. तें दुसऱ्याच्या घरचें असतें आणि त्याची मर्जी असेतोंवरच आपल्याला पाहावयास मिळतें. दाखविणाऱ्या कंपनीचा करार संपला, कीं काल असलेला चित्रपट आज यादींत सांपडत नाहीं. जुन्या चित्रपटांची तर आणखी एक अडचण आहे. त्यांना गिऱ्हाईक थोडें, म्हणून त्यांची काळजीही थोडी. जो मिळतो तो पुष्कळदां कोणीतरी कोठूनतरी उतरवून घेतलेला, मधलीं दृश्यें गळालेला, आवाज फाटलेला असा असतो. आपण सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद झालों, म्हणून घरची ज्ञानेश्वरी कोणी देऊन टाकीत नाहीं. चित्रपटालाही तोच न्याय लावावा, एवढेंच माझें म्हणणें आहे.

परंतु याहून मोठें एक कारण आहे, आणि तें नीट समजावून घेण्यासारखें आहे. चित्रपट ही वस्तु अत्यंत नाशिवंत आहे. पुस्तकाला वाळवी लागते हें खरें. पण एका घरीं वाळवी लागली तरी दुसऱ्या शंभर घरीं त्याच्या प्रती सुखरूप असतात. चित्रपटाच्या प्रती मुळांतच मोजक्या, आणि त्याही घरोघरीं नव्हत, तर कोठल्यातरी गुदामांत. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटगृहांतील बहुतेक फिती नायट्रेटच्या असत. हा पदार्थ म्हणजे सुरुंगाच्या दारूचा जवळचा नातलग. एकदां पेटला कीं पाण्यानेंही विझत नाहीं. शिवाय फितीवर चांदीचा अंश असतो. खेळ संपून गिऱ्हाईक आटलें, कीं ती चांदी काढून घेण्यासाठीं फीत विकावी, असा व्यवहार अनेक मालकांनीं केला. पोटाच्या पाठीमागें लागलेल्या माणसांना त्याबद्दल दोष देणें सोपें आहे. पण त्या वेळीं त्या फितीला कोणी ठेवा म्हणत नव्हतें, हेंही खरें आहे.

परिणाम काय झाला तो पाहा. आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकीं आज जेमतेम तीसएक हातीं आहेत, आणि त्यांतलेही पुष्कळ अपुरे. १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला. चार रिळांच्या त्या मूकपटाचीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें आज शिल्लक आहेत. आणि तींही फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या प्रतीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

हीं रिळें तरी कशीं वाचलीं? पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. पी. के. नायर हे त्याचे खरे शिल्पकार. जुन्या फितींच्या शोधांत ते गांवोगांव आणि गुदामोगुदाम हिंडत. फाळक्यांच्या चित्रपटांचें जें कांहीं उरलें होतें, तें त्यांना फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळालें. म्हणजे संग्रहालय निघण्यापूर्वीं अर्धशतकभर आपल्या चित्रपटसृष्टीचा हा आरंभ कोठें होता? तर घरांत. घरच्या माणसांनीं टाकून दिला नाहीं म्हणून तो वांचला.

संग्रहालय निघालें म्हणजे आपण निर्धास्त झालों, असेंही नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली आणि हजारों रिळें भस्मसात् झालीं. प्रभातच्या बोलपटांच्या मूळ फितीही त्यांत होत्या. कित्येकांच्या प्रती आधींच काढून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते बोलपट आज आपल्याला पाहतां येतात. पण मूळ गेलें तें गेलें.

इतर देशांची कथाही वेगळी नाहीं. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा १९२७ सालचा जर्मन मूकपट जवळजवळ ऐंशीं वर्षें सर्व जगानें कापलेल्या स्वरूपांत पाहिला. २००८ सालीं ब्यूनोस आयरीस येथील एका लहान संग्रहालयांत त्याची जवळजवळ संपूर्ण प्रत सांपडली. ती तेथें पोंचली होती एका खासगी संग्राहकाच्या संग्रहांतून. इंग्लंडमध्यें बी.बी.सी.नें 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेच्या १९६० नंतरच्या दशकांतील पुष्कळ भागांच्या फिती पुसून टाकल्या किंवा निकालांत काढल्या. त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज ऐकावयास मिळतो. कारण कांहीं मुलांनीं आणि हौशी प्रेक्षकांनीं घरीं बसून तो टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. मोठ्या संस्थेनें टाकलें आणि लहानशा घरानें राखलें, असें हें उदाहरण आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आलें.

आतां दुसरा प्रश्न. ठेवावयाचे तरी कोणते? बाजारांत मिळेल तें आणून कपाट भरणें हा संग्रह नव्हे. माझी कसोटी साधी आहे. जो चित्रपट आपण स्वतः तीनदां पाहूं, आणि जो पाहण्यासाठीं दुसऱ्याला मुद्दाम घरीं बोलवावेंसें वाटेल, तोच घ्यावा. या कसोटीला उतरणारे वीस-पंचवीस चित्रपट एका कुटुंबाला जन्मभर पुरतात.

पहिला खण मराठी बोलपटांचा असावा, आणि त्याचा आरंभ प्रभातपासून करावा. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पांच जणांनीं प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास आली आणि १९५३ सालीं बंद पडली. तिच्या पुण्याच्या वास्तूंत १९६० पासून चित्रपटविद्येचें शासकीय शिक्षण सुरू झालें. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची ती बोधाकृति पडद्यावर आली, कीं जुन्या प्रेक्षकांचे डोळे आजही ओलावतात. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा आज पाहावयास मिळणाऱ्या भारतीय बोलपटांतला सर्वांत जुना म्हणून गणला जातो. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांच्यासाठीं, आणि आरंभींचा बोलपट कसा चांचरत बोलूं लागला तें कळण्यासाठीं, तो संग्रहीं असावा.

पण एकच चित्रपट ठेवावयाचा असेल तर मी १९३६ सालचा 'संत तुकाराम' ठेवीन. दामले आणि फत्तेलाल या जोडीचें हें दिग्दर्शन. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला आणि मुंबईच्या एकाच चित्रपटगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या तुकारामांत अभिनयाचा आवेश कोठेंही दिसत नाहीं. एक सालस, थोडासा गोंधळलेला संसारी माणूस देवाशीं बोलत आहे, एवढेंच दिसतें. आणि गौरीची जिजाई! नवऱ्याच्या भक्तीपायीं घरांत दाणा नाहीं, मूल तापानें फणफणलेलें; तेव्हां ती पायांतली वहाण हातीं घेऊन थेट विठोबाच्या देवळांत शिरते. भक्तीच्या चित्रपटांत देवाला जाब विचारणारी ही बाई घालण्याचें धैर्य त्या मंडळींनीं केलें, म्हणून तो चित्रपट चमत्कारांमुळें जुना झाला नाहीं. शांताराम आठवले यांनीं या चित्रपटासाठीं अभंगाच्या धाटणीनें लिहिलेलें एक पद लोक पुढें तुकोबांचेंच म्हणून गाऊं लागले. कवीला याहून मोठी पावती कोणती?

दुसरा ठेवावा तो १९३७ सालचा 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो शांतारामांनीं घेतला. तरुण नीरेचें लग्न तिला फसवून वृद्ध काकासाहेबांशीं लावून देण्यांत येतें, आणि ती त्या नात्याला नवराबायकोचें नातें म्हणावयास ठाम नकार देते. शांताबाई आपटे आणि केशवराव दाते यांचीं तीं कामें. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं. भांड्यांचा, दारांचा, घड्याळाचा, असे घरांतलेच आवाज ऐकूं येतात. त्यामुळें त्या घराची घुसमट आपल्या कानांनाही जाणवते.

या चित्रपटाची एक घरगुती आठवण सांगतों. माझी आत्या १९४१ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तिच्याहून वीस वर्षांनीं वडील असलेल्या बिजवराला दिली होती. तिचा संसार आम्हां मुलांच्या दृष्टीनें सुखाचा होता. निदान तिनें कधीं तक्रार केलेली आम्हीं ऐकली नाहीं. 'कुंकू' तिनें पाहिला नव्हता, कारण तिच्या माहेरीं मुलींना चित्रपटास नेत नसत. २००८ सालीं ती आमच्या घरीं राहावयास आली असतां मीं एका संध्याकाळीं त्याची तबकडी लावली. काकासाहेबांच्या भिंतीवरचें तें जुनें घड्याळ पडद्यावर आलें, आणि आत्या म्हणाली, "थांबव रे जरा." मीं चित्र थांबविलें. ती बराच वेळ त्या घड्याळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे अस्संच घड्याळ होतं. त्याला किल्ली मी द्यायची." त्या रात्रीं एक वाजेपर्यंत ती बोलत होती. त्रेऐंशीं वर्षांच्या आयुष्यांत जें तिनें कोणाला सांगितलें नव्हतें, तें तिनें त्या एका थांबविलेल्या चित्रापुढें बसून सांगितलें. चित्रपटगृहांत चित्र थांबवितां येत नाहीं, घरीं येतें. घरच्या संग्रहाचा हा गुण माझ्या ध्यानांत त्या दिवशीं आला.

१९४१ सालचा 'शेजारी' या खणांत असलाच पाहिजे. एक हिंदु पाटील आणि एक मुसलमान मिर्झा, दोघे जुने स्नेही, बुद्धिबळाच्या पटावर भांडणारे आणि पुन्हां एक होणारे. गांवाजवळ धरण बांधावयास आलेला कंत्राटदार त्यांच्यांत फूट पाडतो. आणि अखेर तें धरण फुटतें तेव्हां ते दोघे एकमेकांचा हात धरून मरणाला सामोरे जातात. केशवराव दाते पाटील झाले, गजानन जागीरदार मिर्झा झाले. याच्याच 'पडोसी' या हिंदी आवृत्तींत हिंदूचें काम मजहर खान यांनीं केलें आणि मुसलमानाचें जागीरदारांनीं. देशाची फाळणी होण्यापूर्वीं सहा वर्षें हा चित्रपट पुण्यांत तयार झाला, हें लक्षांत ठेवून तो पाहावा.

याशिवाय पोलिस शिपाई आणि वेश्या यांच्या प्रेमाची विषण्ण कथा सांगणारा 'माणूस', न्यायाधीशाचा कणा दाखविणारा १९४४ चा 'रामशास्त्री', अत्रे यांच्या लेखणीनें आणि मास्टर विनायकांच्या अभिनयानें ब्रह्मचर्याच्या ढोंगाची रेवडी उडविणारा १९३८ चा 'ब्रह्मचारी', हे तीन घ्यावे. अत्रे यांनींच पुढें १९५३ सालीं साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई' काढला. राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्याला मिळालें. हंसविणारा आणि रडविणारा लेखक एकच होता, हें मुलांना दाखविण्यासाठीं हे दोन चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवावे. नंतरच्या काळांतला एकच सांगतों : १९७५ चा 'सामना'. तेंडुलकरांचें लेखन, जब्बार पटेलांचें दिग्दर्शन, आणि निळू फुले व श्रीराम लागू यांची जुगलबंदी. साखर कारखान्याच्या राजकारणाची ही गोष्ट अजून शिळी झालेली नाहीं.

दुसरा खण दूरदर्शनच्या मालिकांचा. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें त्या पडद्यावर आले, तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांसह सारी चाळ एका संचापुढें बसत असे. त्या काळीं फीत महाग असल्यामुळें जुना कार्यक्रम पुसून तीवरच नवा घेण्याची चाल सर्व जगांतल्या केंद्रांत होती. म्हणून त्या दिवसांतलें जें कांहीं हातीं लागेल तें सोडूं नये. हिंदींतल्या तीन मालिका मात्र अवश्य संग्रहीं ठेवाव्या. पहिली 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचें दिग्दर्शन, आणि चित्रें नारायण यांचे बंधु आर. के. लक्ष्मण यांचीं. लहान मुलांना हाताशीं घेऊन पाहावी अशी याहून निर्मळ मालिका मला माहीत नाहीं. दुसरी १९८८ सालची 'भारत एक खोज'. अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतांना पंडित नेहरूंनीं लिहिलेल्या ग्रंथावरून श्याम बेनेगल यांनीं तिचे ५३ भाग केले. त्यांत नसिरुद्दीन शहा यांचे शिवाजीमहाराज आणि ओम पुरी यांचा औरंगजेब आहे. इतिहास शिकणाऱ्या मुलाला ही मालिका एका सुटींत दाखवावी आणि मग त्याच्याशीं वाद घालावा. तिसरी गोविंद निहलानी यांची 'तमस', फाळणीवरची. ती लहानांसाठीं नाहीं. ती बंद करावी म्हणून प्रकरण न्यायालयांत गेलें होतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें ती अडविण्यास नकार दिला.

तिसरा खण बाहेरच्या जगाचा. त्याची यादी लांबविण्यांत अर्थ नाहीं. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' घ्यावा. तो आणि आपला 'संत तुकाराम' एकाच वर्षाचे आहेत, आणि भुकेशीं दोघांचेंही भांडण आहे. इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' आणि जपानचे 'टोकियो स्टोरी' व 'सेव्हन सामुराय' घ्यावे. 'टोकियो स्टोरी'मध्यें म्हातारे आईबाप शहरांतल्या मुलांकडे चार दिवस राहावयास जातात, आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच कथा. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा मराठी घरांना ती पाहतांना जपान्यांचे पोषाख दिसेनासे होतील.

आणि सत्यजित राय यांचा १९५५ सालचा 'पथेर पांचाली'. हा घेतांना मात्र कोणती आवृत्ति घेतों इकडे लक्ष द्यावें. राय यांच्या अनेक चित्रपटांचीं मूळ निगेटिव्ह १९९३ सालीं लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगींत होरपळलीं. तीं जळकीं रिळें अमेरिकेंतील एका चित्रपट संग्रहालयानें टाकून दिलीं नाहींत. पुढें इटलींतील बोलोन्या येथें कारागिरांनीं आंखडलेली, ठिसूळ झालेली फीत पुन्हां मऊ करून, चौकट न् चौकट दुरुस्त केली आणि जेथें मूळ हातीं नव्हतें तेथें दुसऱ्या चांगल्या प्रतींतून तें भरून काढलें. २०१५ सालीं ती आवृत्ति प्रसिद्ध झाली. जुन्या धूसर प्रतींत जो पाऊस नुसता करडा दिसे, त्या पावसाचा थेंब न् थेंब आतां दिसतो. एकच चित्रपट दोन आवृत्त्यांत किती भिन्न असूं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं : कसे ठेवावे? खरेदी करतांना चार गोष्टी पाहाव्या. चित्रपटाची पूर्ण लांबी वेष्टणावर दिली आहे ना, हें पहिलें. लांबी कमी असेल तर गाणीं किंवा दृश्यें कापलेलीं असतात. दुसरें, तबकडीची जात. व्हीसीडीवरचें चित्र सर्वांत ढोबळ, डीव्हीडीवरचें त्याच्या कितीतरी पटीनें रेखीव, आणि ब्लू-रेवरचें त्याहूनही रेखीव. तिसरें, परदेशीं घेतलेली डीव्हीडी इकडच्या यंत्रावर चालेलच असें नाहीं. भारताचा विभाग-क्रमांक ५ आहे, तो किंवा सर्व विभागांची खूण पाहून घ्यावी. चौथें, चोरून छापलेली प्रत घेऊं नये. चित्रपटाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रसिद्धीपुढील वर्षापासून ६० वर्षें चालतो. तोंवर ज्याचें धन त्याला मिळालें पाहिजे.

घरीं आणल्यावर तबकडी पुस्तकासारखी उभी ठेवावी, आडव्या चळती लावूं नयेत. तिला कडेनें धरावें. पुसावयाची झाल्यास मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसूं नये, कारण गोल ओरखडा यंत्राला वाचूं देत नाहीं. तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवूं नये. ऊन आणि ओल हे दोन्ही शत्रु. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत जुन्या ध्वनिचित्रफितींवर पांढरी बुरशी येते. अशी फीत यंत्रांत घालूं नये, घातल्यास फीत तर जातेच, पण यंत्रही बिघडतें. ज्यांच्याकडे घरच्या लग्नमुंजीच्या फिती आहेत त्यांनीं त्या जाणत्या माणसाकडून आजच नव्या साधनावर उतरवून घ्याव्या. कारण अशा फितींचें यंत्र बनविणाऱ्या शेवटच्या कारखान्यानेंही २०१६ सालीं आपलें काम थांबविलें. आणि उतरवून घेतलेल्या वस्तूच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, जमल्यास दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या.

हा शेवटचा उपदेश मी स्वतः ठेच खाऊन शिकलों आहें. आत्या २०११ सालीं वारली. पुढें २०१९ सालीं तिची नात आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, आजी ज्याच्यापुढे बसून रात्रभर बोलली, तो सिनेमा मला दाखवाल?" मीं मोठ्या ऐटीनें कपाट उघडलें. मधल्या काळांत जागेची टंचाई म्हणून मीं कारखान्यांत छापलेल्या तबकड्या देऊन टाकल्या होत्या आणि त्यांच्या प्रती घरीं कोऱ्या तबकड्यांवर उतरवून ठेवल्या होत्या. छापील तबकडींत मजकूर ठशानें उमटलेला असतो. घरीं उतरविलेल्या तबकडींत तो एका रंगद्रव्याच्या थरावर असतो, आणि तो थर उन्हानें व उष्म्यानें विटतो. खिडकीजवळच्या त्या कपाटांत आठ वर्षांत जें व्हावयाचें तें झालें होतें. यंत्रानें दोन-तीनदां घरघर केली आणि पडदा काळाच राहिला. दुकानांतून चौकशी केली. दुकानदारांनीं तबकड्या ठेवणेंच बंद केलें होतें.

अखेर आमच्याच इमारतींतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे ती मूळ तबकडी निघाली. त्यांनीं ती वर्तमानपत्रांत गुंडाळून आणून दिली आणि "सावकाश परत करा" असें सांगितलें. त्या संध्याकाळीं आम्हीं 'कुंकू' पाहिला. घड्याळाचें दृश्य आलें तेव्हां मीं चित्र थांबविलें आणि त्या मुलीला तिच्या आजीचें वाक्य सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "आणि तिनं किल्ली द्यायची कधी सोडली?" या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं होतें, कारण आत्यानें तें त्या रात्रीं मला सांगितलें होतें. तें मीं तिला दिलें. तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

तेव्हांपासून मी एक नेम पाळतों, आणि तोच आज आपल्याला सुचवून हें भाषण संपवितों. प्रत्येक तबकडीच्या डबींत मी एक लहानशी चिठ्ठी ठेवतों. चित्रपट कोणत्या दिवशीं पाहिला, बरोबर कोण होतें, कोणत्या दृश्याला कोण काय म्हणालें, एवढेंच तीवर लिहितों. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं नकल करणारा आपलें नांव, गांव आणि तिथि लिहून ठेवीत असे, त्यांतलाच हा प्रकार. चित्रपट उद्यां दुसरीकडे कोठें मिळेलही; ही चिठ्ठी मात्र आपल्या घराखेरीज कोठेंही मिळणार नाहीं. आपल्या कपाटांत अजून चार तबकड्या शिल्लक असतील, तर या दिवाळींत त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकदां लावून पाहा, आणि पाहतांना घरांतल्या सर्वांत वडील माणसाला शेजारीं बसवून घ्या.